घटस्फोटाचा खर्च आणि तारखांचा हिशेब

घटस्फोटाचा विचार पक्का झाला की मध्यमवर्गीय कुटुंबात पहिला प्रश्न निघतो तो वकिलाच्या फीचा. प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. फी, टंकलेखन, मुद्रांक हे खर्चाचे केवळ दिसणारे भाग होत. महाराष्ट्रात घटस्फोट व पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने माफ झाले आहे. तेव्हा शुल्कापायी स्त्रीचा दावा अडून राहावा, अशी परिस्थिती नाही. खरा बोजा दोन ठिकाणी पडतो: एका घराची दोन घरे होण्यात आणि निकालाला लागणाऱ्या काळात.

पहिला बोजा साध्या अंकगणिताचा आहे. समजा, दरमहा ४८,००० रुपये हाती येणाऱ्या एका लिपिकाचे चौघांचे कुटुंब ३६,००० रुपयांत चालते व १२,००० रुपये शिल्लक पडतात. घर फुटले तरी खाणारी तोंडे तेवढीच राहतात. परंतु घरभाडे, वीज, गॅस, भांडीकुंडी हे सारे दुबार होते. या दुसऱ्या बिऱ्हाडाला महिना १५,००० रुपये लागले, तर एकूण खर्च ५१,००० वर जातो. काल बचत करणारे कुटुंब आज तुटीत येते, आणि तेही कोणी उधळपट्टी केली नसताना. पत्नीला वाटते, पती मिळकत लपवतो. पतीला वाटते, पत्नी अवाच्या सवा मागते. पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात. एका वेतनात दोन संसार मावत नाहीत, ही वस्तुस्थिती मात्र दोघांनाही कोणी सांगितलेली नसते.

दुसरा बोजा काळाचा. वरील लिपिकाचा एका दिवसाचा पगार १,६०० रुपये होतो. वर्षाला बारा तारखा पडल्या आणि दावा चार वर्षे चालला, तर ४८ दिवस, म्हणजे ७६,८०० रुपयांचे श्रम न्यायालयाच्या व्हरांड्यात खर्ची पडतात. रजा पगारी असल्याने हा खर्च जाणवत नाही, एवढेच; शिल्लक राहिली असती तर त्याच अर्जित रजेचे निवृत्तीच्या वेळी रोख पैसे झाले असते. रोजंदारीवरच्या माणसाला ही सोयही नाही. त्याची त्या दिवसाची चूल तारखेवर अवलंबून असते.

तथापि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, विलंबाची किंमत दोन्ही पक्षांना सारखी मोजावी लागत नाही. ज्याचा पगार चालू आहे तो थांबू शकतो. जिच्या हाती उत्पन्न नाही ती भावाकडे उसनवारी करते, दागिने गहाण टाकते आणि अखेर मिळेल त्या रकमेवर सही करते. सुगीत भाव पडलेले असताना कोरडवाहू शेतकरी कापूस विकून टाकतो, तो भाव पटला म्हणून नव्हे, तर सावकार दारात उभा असतो म्हणून. घटस्फोटाच्या अनेक तडजोडी याच जातीच्या असतात. कागदावर त्या परस्परसंमतीच्या दिसतात. वस्तुतः त्यांत एका पक्षाची केवळ अगतिकता नोंदलेली असते.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. अर्ज २०१३ मधला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. वाद होता तो अंतरिम पोटगीचा, म्हणजे खटला चालू असताना जगण्यासाठी द्यावयाच्या रकमेचा. तात्पुरत्या सोयीचा प्रश्न सात वर्षे चालावा, यावर वेगळे भाष्य नको. याच निकालात न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मिळकत, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरवून दिले. अर्जाच्या तारखेपासून पोटगी मिळू लागली की वेळ काढण्यातला आर्थिक लाभ बराच कमी होतो, हे या नियमाचे मर्म आहे.

पोटगीला इतके महत्त्व येण्याचे कारण आपल्या मालमत्ताविषयक कायद्यात आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी संहितेनुसार, वेगळा करार केलेला नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक समजली जाते व विभक्त होताना तिचे सर्वसाधारणपणे निम्मे-निम्मे वाटप होते. महाराष्ट्रात घर ज्याच्या नावावर, त्याचे. वीस वर्षे घर चालवणाऱ्या गृहिणीचे स्त्रीधन तेवढे तिचे असते. बाकी उरतो तो पोटगीचा हक्क.

पोटगीच्या नावाखाली पतीलाही वेठीस धरले जाते, असा आक्षेप घेतला जातो. काही प्रकरणांत तो खराही असेल. पण त्यावरचा उपाय पोटगी लांबवणे हा नव्हे. दोघांचाही हिशेब पहिल्याच तारखेला उघड करणे हा आहे. खरे प्रतिज्ञापत्र प्रामाणिक पतीचेही तितकेच संरक्षण करते.

म्हणून या मार्गाला लागणाऱ्याने वकिलाकडे जाण्यापूर्वी वही उघडावी. दोन बिऱ्हाडांचे अंदाजपत्रक, कर्जाचे हप्ते, भविष्यनिर्वाह निधी, विमा, दागिने, मुलांचे शिक्षण हे सारे लिहून काढावे. स्त्रीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाण्यास संकोचू नये. १९८७ च्या कायद्यानुसार तिला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीचा मार्ग १९७६ पासून खुला आहे. त्यासाठी वर्षभर विभक्त राहणे आवश्यक असते, आणि त्यानंतरचा सहा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ योग्य प्रकरणी न्यायालय शिथिल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु संमती देण्याआधी महागाईचा हिशेब करावा. आज ठरलेले दरमहा १०,००० रुपये, भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत गेल्यास, बारा वर्षांनी आजच्या ५,००० रुपयांच्याच मोलाचे राहतात. वाढीचे कलम नसलेला करार हा दरवर्षी थोडा थोडा मोडणारा करार असतो.

व्यक्तीने करावयाचे ते एवढेच. उरलेले काम शासनाचे आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली निघावा, हे २००१ च्या दुरुस्तीपासून कायद्यात लिहिलेले आहे. या ‘शक्यतो’ शब्दाच्या आड किती संसारांची परवड होते, याचा हिशेब न्यायव्यवस्थेने द्यावयास हवा. पुरेसे न्यायाधीश नेमण्यास पैसा लागतो हे खरे. पण तो वाचवला म्हणून खर्च टळत नाही. तो सरकारी तिजोरीतून उठून, ज्या घरात त्या महिन्याचा किराणा भरायचा राहिला आहे, त्या घरावर जाऊन पडतो.