स्वयंसेवकांचा कार्यभार

सरकारी कामकाजाच्या ज्या रीती टिकून आहेत, त्यांपैकी फार थोड्या बाहेरच्यांनी उचलाव्यात अशा आहेत. बदलीच्या वेळी कार्यभार सोपवण्याची रीत मात्र त्या थोड्यांत नक्की मोडते. जाणारा अधिकारी प्रलंबित प्रकरणांची यादी, किल्ल्या, न्यायालयीन तारखा, शिल्लक रकमेचा हिशेब असे सारे येणाऱ्याला लिहून देतो. दोघे त्यावर सह्या करतात आणि मगच जाणारा मोकळा होतो. मी हे काम अनेक राज्यांत केले आहे आणि ते अत्यंत कंटाळवाणे आहे. तरीही इंटरनेटवर स्वयंसेवकांनी चालवलेल्या चर्चासमूहांकडे गेली वीस-पंचवीस वर्षे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की ते उत्साहाच्या अभावी मरत नाहीत. कार्यभार सोपवण्याची रीत नसल्यामुळे मरतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न केवळ तांत्रिक वाटू नये. १९८० साली सुरू झालेल्या यूझनेटवर पुढे मराठीसाठी स्वतंत्र विभाग झाला. १९९६ साली 'मायबोली' आली. त्यानंतर याहू ग्रुप्सचा आणि २००४ पासून ऑर्कुटचा काळ आला. परमुलखात भाजणी कशाची करावी, मुलांना घरी मराठी वाचायला कसे शिकवावे, नव्या गावात बिऱ्हाड कोणत्या भागात शोधावे, असे असंख्य प्रश्न तिथे विचारले गेले आणि अनोळखी माणसांनी त्यांची मनापासून उत्तरे दिली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्समधील जुना मजकूर काढून टाकण्याची घोषणा २०१९ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच संपली. ज्या समूहांत कोणी वेळीच प्रत काढून ठेवली नव्हती, त्यांची वर्षानुवर्षांची संभाषणे गेली. आज तीच चर्चा व्हॉट्सॲपच्या गटांत होते. तिथे नव्याने येणाऱ्याला आधीचे सारे आपोआप दिसत नाही, म्हणून तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात आणि उत्तरे देणारा एक दिवस कंटाळून गप्प होतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने याकडे असे पाहता येते. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ साली मांडले, की सामाईक हिताचे काम सर्वांना हवे असते, पण ते दुसऱ्याने करावे असे प्रत्येकाला वाटणे स्वाभाविक असते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक कुरणाचा नाश अटळ ठरवला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात प्रत्यक्ष उदाहरणांनी दाखवले, की लोक स्वतःचे नियम स्वतः करून असे कुरण शतकानुशतके सांभाळू शकतात. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातील फड पद्धत हे त्याचे जिवंत उदाहरण होय. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या आणि वादांचा निवाडा करायला पंच, अशी स्पष्ट वाटणी तिथे असे.

चर्चासमूहात मात्र पाण्याची जागा कोण घेते? लेखन वाचल्याने संपत नाही. उलट वाचकांमुळे ते वाढते. तिथे आटणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे सांभाळणाऱ्याचा वेळ आणि त्याची सहनशक्ती. जाहिरातबाजांना हाकलणे, भांडणे थंड करणे, नवख्याला तेच उत्तर विसाव्यांदा न चिडता देणे, बिल भरणे, ही कामे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. ती केली तर कोणी आभार मानत नाही. न केली तर सर्वांच्या ध्यानात येते. फडावर पाटकरी आणि जागल्या वेगळे होते आणि त्यांच्या कामाचा मोबदला ठरलेला होता. चर्चासमूहात पाटकरी, जागल्या आणि पंच एकच माणूस असतो, आणि तोही रात्री मुले झोपल्यावर काम करतो.

याचे परिणाम दोन दिशांनी होतात. पहिला म्हणजे थकवा. विकिपीडिया हा जगातील अतिशय मोठ्या स्वयंसेवी प्रकल्पांपैकी एक. तिथल्या लेखांइतकीच महत्त्वाची तिथली चर्चापाने असतात. इंग्रजी विकिपीडियावर २००७ या एका वर्षात चारशेहून अधिक नवे प्रचालक निवडले गेले होते. २०१८ मध्ये जेमतेम दहा. निवडीची चर्चाच इतकी जाचक झाली, की चांगली माणसे उभी राहीनाशी झाली. तेव्हा २०२४ मध्ये गुप्त मतदानाची पद्धत आजमावून पाहावी लागली.

दुसरा परिणाम अधिक गंभीर. क्रोएशियन विकिपीडियावर सुमारे २०११ ते २०२० या काळात काही मोजक्या प्रचालकांनी सत्ता हातात ठेवली. विरोधी मताच्या सदस्यांना त्यांनी बाहेर काढले आणि इतिहासाचे लेखन एका बाजूला झुकवले. विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातच ही हकिगत आहे. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर तर ती भाषा धड न येणाऱ्या एका परदेशी तरुणाने हजारो लेख लिहिल्याचे २०२० मध्ये उघड झाले. त्याचा हेतू वाईट नव्हता. पाहणारे डोळे कमी होते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. लहान समूहात राखणदार थोडे असतात, म्हणून तिथे ही काळजी अधिक घ्यावी लागते.

माझ्या मते उपाय अवघड नाहीत आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही.

पहिला, पदाला मुदत हवी. दोन वर्षे पुरे. मुदत संपल्यावर पुन्हा निवडून येण्याची मुभा ठेवावी, पण मुदत असावीच. थकलेल्याला त्यामुळे मानाने बाजूला होता येते. चिकटून बसणाऱ्याला प्रश्न विचारण्याची संधी इतरांना मिळते.

दुसरा, प्रत्येक किल्ली दोघांकडे हवी. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी, सर्व्हरचे खाते, परवलीचे शब्द हे सारे एकाच सद्गृहस्थाच्या नावावर आणि त्यांच्याच क्रेडिट कार्डावर असते. ते आजारी पडले तर नूतनीकरणाची सूचना पाहायलाही कोणी नसते.

तिसरा, नियम एका पानात मावतील इतके असावेत आणि शिक्षा पायरीपायरीने वाढावी: आधी समज, मग काही दिवसांची बंदी, शेवटी कायमची. ज्याने शिक्षा दिली त्याच्याकडेच अपील जाऊ नये. प्रशासनातील हे प्राथमिक तत्त्व अनेक समूहांत पाळले जात नाही.

चौथा, वर्षातून एकदा हिशेब आणि मजकुराची प्रत. जमाखर्च सदस्यांसमोर ठेवावा आणि सर्व संभाषणांची प्रत दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवावी. दुसऱ्याच्या जागेवर उभारलेले घर मालकाच्या मर्जीवर असते. जून २०२३ मध्ये रेडिटच्या हजारो विभागांतील बिनपगारी नियंत्रकांनी कंपनीच्या नव्या दरांच्या निषेधार्थ आपापले विभाग बंद ठेवले; तरी दर लागू झालेच.

पाचवा, कायद्याची जाण. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देते, पण ते अटींवर. २०२१ च्या नियमांत ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत सदस्य असलेल्यांवर जादा जबाबदाऱ्या आहेत. तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे मात्र लहानांनाही चुकत नाही. शासनानेही आपल्या बाजूने विचार करावा, की हौसेने चालवलेला शेकडो सदस्यांचा समूह आणि अब्जावधींची उलाढाल असलेली कंपनी यांना किती बाबतींत एकाच मापाने मोजावे.

यावर एक आक्षेप येईल, तो मला ठाऊक आहे: सरकारी बाबूला सगळीकडे फायलीच दिसतात; स्वयंसेवक आनंदासाठी येतो, त्याला नोंदवह्यांत अडकवले तर तो पळून जाईल. आक्षेपात तथ्य आहे. नियम वाढत जातात आणि त्यांचा हेतू विसरला जातो, हा आमच्या खात्यांचा जुनाच रोग आहे. म्हणून तर मी नियमांना एका पानाची मर्यादा घालतो. पण स्वयंसेवक पळतात ते नोंदवहीमुळे नव्हे. आपण सोडले तर सारे कोसळेल या ओझ्याखाली ते आधी रेंगाळतात आणि मग कोणाला न सांगता नाहीसे होतात. ओझे खाली ठेवायला जागा असेल, तर उचलायला माणसे अधिक मिळतात. परप्रांतातील मराठी मंडळांचा गणेशोत्सव वर्षानुवर्षे चालतो, त्याचे एक कारण दरवर्षी कार्यकारिणी बदलते आणि भांड्यांची यादी नव्या चिटणीसाच्या हाती येते हेही आहे.

वाचकांपैकी बहुतेकजण अशा एखाद्या समूहाचे सदस्य असतील. त्यांनी तो चालवणाऱ्यांना या आठवड्यात तीन प्रश्न विचारावेत: किल्ल्या आणखी कोणाकडे आहेत, मजकुराची शेवटची प्रत केव्हा काढली, आणि तुमच्यानंतर कोण? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर आठवड्याला अर्धा तास आपण द्यायला तयार आहोत, एवढेही त्याच पत्रात लिहावे.