थर्मोस्टॅटला कुलूप कशाला?

तुमच्या ऑफिसातलं तापमान नक्की कोण ठरवतं? माणसाचं नाव सांगा बघू. बहुतेकांना सांगता येणार नाही. भिंतीवर एक पांढरा डबा असतो, त्यावर पारदर्शक झाकण, झाकणाला बारकंसं कुलूप आणि किल्ली ॲडमिनवाल्यांकडे. त्यांना विचारावं तर उत्तर ठरलेलं, "सेंट्रल सेटिंग आहे, आमच्या हातात नाही." म्हणजे ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्याही हातात नाही! मग ऐन मे महिन्यात एसीच्या झोताखाली बसलेली मुलगी स्टोल गुंडाळून कोडिंग करते आणि काचेला लागून बसलेला गडी घाम पुसत असतो.

माझं म्हणणं साधं आहे. प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट बसवणं आणि त्याचं वायरिंग करणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. त्यातला प्रोग्रॅम कोणी लिहायचा, आणि तो बदलायचा हक्क कोणाला? माझ्या मते तो हक्क त्या खोलीत बसणाऱ्यांना हवा. त्याला मर्यादा घाला, पण कुलूप घालू नका.

हे मत पक्कं झालं ते गेल्या उन्हाळ्यात किन्हीराजाला. (वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. नुसतं मालेगाव म्हटलं की पुण्यातली मंडळी थेट नाशिककडे बघतात, म्हणून आधीच सांगितलं.) तिथे माझ्या मावसभावाने गाळ्यांच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका काढली आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी अशा तयारीची पन्नासेक मुलंमुली सकाळी सहाला येऊन बसतात ती रात्री दहाला उठतात. हॉलला साडेपाच टनांचं डक्टेबल युनिट आहे. दादाचा आग्रह एकच होता, बिल आटोक्यात राहिलं पाहिजे.

आधी वायरिंगचं सांगतो. नेटवर थर्मोस्टॅट बसवायचे जे व्हिडिओ सापडतात ते बहुतेक अमेरिकन घरांचे असतात. तिथे थर्मोस्टॅटपर्यंत २४ व्होल्टच्या बारीक रंगीत तारा येतात. आपल्याकडे व्यावसायिक इमारतीत त्या डब्यात बरेचदा थेट २३० व्होल्ट येतात. तेव्हा व्हिडिओ बघून स्क्रूड्रायव्हर उचलायचा नाही. लायसन्सवाला वायरमन बोलवायचा, एमसीबी पाडायचा आणि तारेत करंट नाही हे तपासूनच हात घालायचा.

दुसरं म्हणजे थर्मोस्टॅटच्या आतला रिले काही अँपियरचाच असतो. थ्री फेज कंप्रेसरचा भार त्याच्यावर टाकता येत नाही. थर्मोस्टॅट फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला चालू-बंद सांगतो, भार उचलतो तो कॉन्टॅक्टर. गावातल्या वायरमनने असे एसी थोडेच बघितले होते, पण विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर शेकडो जोडलेले. त्याला हे एका वाक्यात कळलं. "म्हंजे मोटरच्या ऑटोसारखंच हाय हे," म्हणाला, आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर लावलाय की नाही ते मी न सांगता स्वतःच बघून आला. कंप्रेसर बंद झाल्यावर पुन्हा सुरू व्हायच्या आधी तीनेक मिनिटं जाऊ द्यायची, म्हणजे गॅसचा दाब समान होतो, हेही त्याने लगेच तपासलं.

मग जागा. थर्मोस्टॅट जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, ऊन न येणाऱ्या आतल्या भिंतीवर आणि ग्रिलच्या झोतापासून लांब हवा. तारा ज्या पाइपातून येतात त्याचं तोंड बुजवायचं, नाहीतर वरची गरम हवा पाइपातून थेट सेन्सरवर येते आणि हॉल तापलाय असं त्याला उगाच वाटत राहतं. दादाला तो डबा आपल्या केबिनमध्ये हवा होता. तसं केलं असतं तर पन्नास जणांच्या हॉलचं तापमान एका रिकाम्या केबिनवरून ठरलं असतं. (आपल्या किती ऑफिसांत हेच चालतं, ते तुम्हीच आठवा.) शेवटी डबा हॉलमध्ये आला.

आता प्रोग्रॅम. आपल्या देशात २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी, आली. ती मोठ्या इमारतींसाठी आहे, अभ्यासिकेला लागू नाही. पण तिच्यातल्या टाइमक्लॉकच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. एक, आठवड्यात तीन प्रकारच्या दिवसांसाठी वेगळी वेळापत्रकं ठेवता आली पाहिजेत. दोन, वीज गेली तरी निदान १० तास प्रोग्रॅम आणि घड्याळ शाबूत राहिलं पाहिजे. तीन, सहज हात पोचेल असं मॅन्युअल ओव्हरराइड हवं, ज्याने २ तासांपर्यंत यंत्रणा तात्पुरती चालवता येईल.

दुसऱ्या अटीचं महत्त्व वऱ्हाडात कोणालाही सांगावं लागत नाही. २००० च्या दशकातल्या भारनियमनात आम्ही शाळेचा अभ्यास कंदिलावर केला. आता परिस्थिती बरीच सुधारली, पण वळवाचा पाऊस आला की "लाइन गेली" हे ठरलेलं. लाइन आल्यावर घड्याळ शून्यावर गेलेलं असेल तर दुपारचा प्रोग्रॅम मध्यरात्री चालेल. म्हणून विकत घेताना रंगीत स्क्रीन बघण्याआधी बॅटरी बॅकअप बघा.

पण माझ्या मते सगळ्यात शहाणी अट तिसरी. वेळापत्रक कितीही विचार करून लिहिलं तरी माणसं वेळापत्रकाबाहेर जगतात, हे ती मान्य करते. किन्हीराजाला वादही तिथेच झाला. "कुलूप लाव त्याले," दादा म्हणाला, "नाही त पोट्टे १६ वर करतीन." त्याची भीती खोटी नाही, बिल त्यालाच भरायचं आहे. पण त्यावरचा इलाज प्रोग्रॅमरला पाठ असतो. युजरला बदल करू द्या, फक्त इनपुट तपासा. आम्ही खालची मर्यादा २५ आणि वरची २८ ठेवली. सकाळी खिडक्या उघड्या आणि पंखे, दुपारी अकरानंतर एसी २७ वर, पंखे चालूच. कोणीही बटण दाबून अंशभर खाली-वर करावं, दोन तासांनी प्रोग्रॅम आपोआप मूळ जागी येतो.

२७ म्हटल्यावर पुण्यातल्या मित्रांनी वेड्यात काढलं. आकडा मात्र हवेतला नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतातल्या पाच शहरांतल्या ऑफिसांचा अभ्यास करून भारतीयांसाठी एक मॉडेल मांडलं, आयमॅक नावाचं. कधी खिडक्या तर कधी एसी अशा इमारतीत, बाहेरचं महिन्याभराचं सरासरी तापमान ३५ असेल, तर त्यांच्या सूत्राप्रमाणे माणसाला सुखाचं वाटणारं तापमान साडेसत्तावीसच्या पुढे येतं. पूर्ण वातानुकूलित इमारतीतसुद्धा ते २६ च्या आसपास असतं. उन्हाळ्याची सवय असलेलं शरीर आणि वर फिरणारा पंखा, दोन्ही जमेला धरायला हवेत.

उलट जुन्या आंतरराष्ट्रीय मानकांचं गणित कोणावर बेतलं होतं? ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषावर. त्यात बायकांच्या शरीरातली उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते, असं २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवलं. त्या स्टोलचं मूळ हे आहे.

सरकारही आकड्यावरच बोलतं. २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने मोठ्या व्यावसायिक इमारतींना २४-२५ चा सल्ला दिला. २०२० पासून स्टार लेबलवाल्या रूम एसीचं डिफॉल्ट २४ झालं. जून २०२५ मध्ये ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी २० ते २८ अशी मर्यादा आणायची घोषणा केली. दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो, तेव्हा आकडा महत्त्वाचा आहेच. पण बटण कोणाच्या हाताशी, हा प्रश्न या चर्चेत कुठेच दिसत नाही.

तो प्रश्न किती खरा आहे ते रात्री कळतं. माझ्या एका जुन्या ऑफिसात एसी रात्री आठला बंद व्हायचा. प्रोग्रॅम तसा होता. पण सपोर्टची शिफ्ट पहाटे तीनपर्यंत बसायची, आणि पहाटे हाउसकीपिंगच्या मावश्या यायच्या. इमारत सगळी काचेची, एक खिडकी उघडत नाही. तक्रार केली तर उत्तर, "वीज वाचवायची ना?" वीज वाचवायचीच आहे हो. पण वेळापत्रक लिहिताना त्या मावश्यांना कोणी विचारलं होतं का? माझ्या दृष्टीने तो सरळसरळ बग होता, आणि तो रिपोर्ट करायला डब्यावर एक बटणही नव्हतं.

विदर्भातल्या घरोघरच्या कूलरला कुठला थर्मोस्टॅट असतो? पंख्याचं एक बटण, पंपाचं एक. दुपारी दोन्ही चालू. रात्री हवा दमट झाली की ज्याला जाग येईल तो उठून पंप बंद करतो. त्या बटणाला कुलूप लावायचं कधी कोणाच्या डोक्यात येत नाही.

आता कोणी म्हणेल, सगळ्यांना हक्क दिला की भांडणं होणार. अभ्यासिकेत झालीच की! ग्रिलखालच्या मुली २८ म्हणायच्या, पश्चिमेच्या भिंतीजवळचे २५. मग त्यांच्यातल्या काहींनी जागा बदलून घेतल्या. बिल नक्की किती वाचलं हे एका उन्हाळ्यावरून सांगणं म्हणजे थाप मारणं होईल, ते दादा पुढच्या वर्षी सांगेल. पण भांडण निदान त्या हॉलमधल्या माणसांत झालं आणि तिथेच मिटलं.

तेव्हा मंडळी, सोमवारी ऑफिसला गेलात की तीन गोष्टी विचारा. सेन्सर आपण बसतो तिथे आहे की कोणाच्या केबिनमध्ये? शेवटचा माणूस किती वाजता जातो हे प्रोग्रॅमला माहीत आहे का? आणि ओव्हरराइडचं बटण कुठे आहे? तिसऱ्याला उत्तर मिळालं नाही, तर इमारतीतला सगळ्यात कमी पगाराचा माणूस शोधा. बटण नसल्याची किंमत बहुधा तोच मोजत असतो.