मुकादम पेशीच्या शोधात

विज्ञानाला लिंग नसते, असे ठणकावून सांगणाऱ्यांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्याला जोडून येणाऱ्या निष्कर्षाशी: म्हणून स्त्रीवादी विज्ञान-तत्त्वज्ञान म्हणजे प्रयोगशाळेची पायरीही न चढलेल्यांचा रिकामा उद्योग. एव्हलिन फॉक्स केलर यांना हे वर्णन लावून पाहावे. १९६३ साली त्यांनी हार्वर्डमधून पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवली, मग गणिती जीवशास्त्रात काम केले. तत्त्वज्ञानाकडे त्या नंतर वळल्या. आणि वळवले ते मातीतल्या एका क्षुद्र जिवाने.

या जिवाच्या, म्हणजे डिक्टिओस्टेलियमच्या, पेशी जिवाणू खात एकेकट्या जगतात. अन्न संपले की हजारो पेशी एकमेकींकडे सरकतात, त्यांचा मिळून एक देह होतो, त्याला देठ फुटतो आणि टोकाला बीजाणू धरतात. जवळ येण्याचा इशारा सायक्लिक एएमपी या रसायनाचा. पण सुरुवात कोण करते? रूढ उत्तर असे की काही खास पेशी आधी इशारा सोडतात आणि बाकीच्या त्यांच्यामागे जातात. मुकादम हाक मारतो, मजूर गोळा होतात, तसेच. केलर आणि गणितज्ञ ली सेगल यांनी १९७० मध्ये दाखवले की सगळ्या पेशी एकसारख्या असल्या तरी चालते. रसायन सोडण्याची आणि त्याला प्रतिसाद देण्याची त्यांची क्षमता एका मर्यादेपलीकडे गेली की समतोल ढळतो आणि पुंजके आपोआप बनू लागतात. या गणिताने मुकादम नसतोच हे सिद्ध होत नाही. तो असलाच पाहिजे, हे मात्र खोटे ठरते. तरीही बहुतेक जीवशास्त्रज्ञ मुकादमालाच धरून बसले. १९८३ च्या एका लेखात केलर यांनी विचारले: पुरावा नसताना ही कल्पना एवढी पटते कशी?

यात बाईचा संबंध काय, असे आक्षेपक विचारतील. सेगल तर पुरुषच होते. अगदी खरे, आणि तेच केलर यांच्या बाजूचे आहे. समीकरण कोणी मांडले यावर त्याचा खरेखोटेपणा ठरतो, असे त्यांनी कधी म्हटले नाही. त्यांचा प्रश्न समीकरणाच्या आधीचा होता: कोणती शक्यता तपासण्याजोगी वाटते? हुकूम देणारा एक आणि तो पाळणारे बाकीचे, ही मांडणी आपण कुटुंबात, फौजेत, कारखान्यात शिकतो आणि सूक्ष्मदर्शकापाशीही घेऊन जातो. १९८५ च्या ‘रिफ्लेक्शन्स ऑन जेंडर अँड सायन्स’मध्ये त्यांनी तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनच्या लिखाणातली रूपके उलगडली, ज्यांत निसर्ग ही स्त्री आणि तिला काबूत आणणारा जाणकार हा पुरुष. रूपकाने सिद्धांत खोटा पडत नाही. पण कुठे पाहायचे हे ते ठरवते, म्हणजे कुठे पाहायचे नाही हेही.

केलर यांचे काही चाहते तर विरोधकांहून अधिक घोटाळा करतात. मक्यावर संशोधन करणाऱ्या आनुवंशिकीतज्ज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांचे केलर यांनी लिहिलेले चरित्र १९८३ मध्ये आले. त्याच वर्षी मॅक्लिंटॉक यांना नोबेल मिळाले. लगेच अर्थ निघाला: मक्याच्या रोपाशी एकरूप होणे ही बायकांची खास दृष्टी! केलर यांनी हा अर्थ स्वतःच फेटाळला. बायकांना जन्मजात हळवी दृष्टी बहाल करणे म्हणजे जुनाच पिंजरा नव्याने रंगवणे. त्या चरित्राची दुबळी बाजूही मान्य करायला हवी. मॅक्लिंटॉक १९४४ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्य होत्या. त्यांची उपेक्षा वाचकाला वाटते तेवढी झाली नव्हती. नॅथॅनिअल कम्फर्ट या इतिहासकाराने २००१ मध्ये दाखवले की जनुके जागा बदलतात हे सहकाऱ्यांनी स्वीकारले होते. खरा वाद होता तो ती जनुके विकासाचे नियंत्रण करतात, या मॅक्लिंटॉक यांच्या दाव्यावर.

कथेतला हा रंग उतरवला तरी मुकादमाचा प्रश्न उरतोच. २००० साली ‘द सेंच्युरी ऑफ द जीन’मध्ये केलर यांनी तो जनुकालाच विचारला. सगळे हुकूम तिथूनच सुटतात, हा त्या काळातला विश्वास. माणसात लाखभर जनुके असतील असा अंदाज तेव्हा सर्रास सांगितला जाई. प्रथिने घडवणारी भरली वीस हजारांच्या आसपास. उरलेले काम कोण करते, हे विचारणे मग भाग पडले.

केलर-सेगल समीकरणांवर गणिताच्या नियतकालिकांत आजही लेख येतात. त्यांतले किती लेखक १९८५ च्या त्या पुस्तकापर्यंत पोहोचले असतील, याची मला शंका आहे.