उचल घेण्याआधी

आज ९ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन. जव्हार-मोखाड्यात तारपा वाजेल, मिरवणुका निघतील. भात-नागलीच्या शेतीचे दिवस असल्यामुळे गावे भरलेली आहेत. दिवाळी झाली की याच गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतील. भट्टीमालकाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती सणासुदीत, आजारपणात संपते. मग हजार विटांमागे ठरलेल्या दराने नवरा-बायको पावसाळा तोंडावर येईपर्यंत ती फेडत राहतात. पोरे भट्टीशेजारच्या झोपडीत, त्यांची शाळा गावात.

या तालुक्यांतल्या तरुणांनी संगणकाच्या कामाकडे वळावे, असे आजच्या भाषणांतही सांगितले जाईल. त्यांना ते झेपेल का, ही शंका मात्र आता कुणी काढू नये. मोखाड्यातल्या आमले गावाने तिचे उत्तर दिलेले आहे. यंत्राला मराठी बोलणे कळायचे, तर माणसांच्या आवाजाचे नमुने लागतात. ते गोळा करताना ‘कार्या’ प्रकल्पाच्या संशोधकांनी विद्यापीठातले विद्यार्थी, शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि आमले गावचे रहिवासी असे तीन गट घेतले. फोनवर दिसेल ते वाक्य मोठ्याने वाचायचे, ध्वनिमुद्रित करायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा. ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी जमले. गरीब घरांतल्या लोकांचे काम विद्यार्थ्यांच्या तोडीस तोड होते, असा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला.

मग घोडे अडते कुठे? पुण्या-मुंबईत नोकरी सोडून कोडिंग शिकणाऱ्याच्या गाठीशी थोडीफार शिल्लक असते, आईवडिलांचा आधार असतो. मोखाड्यातल्या मुलाचे शिकायचे महिने आणि भट्टीचा हंगाम एकच. तो बुडवायचा तर घरात खायचे काय? शिकून विरार-नालासोपाऱ्यात खोली केली, तरी सुरुवातीचा पगार भाडे, खानावळ आणि लोकलचा पास यांतच जिरतो. शहरात ज्याला जायचे त्याने जरूर जावे. पण आपल्या मर्जीने जाणे वेगळे आणि उचलीपायी जाणे वेगळे.

शिकणाऱ्याच्या हाती पैसे द्यावे लागतात, हे सरकारला पटलेले आहे. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. तीच सोय इथल्या मुलामुलींच्या संगणक प्रशिक्षणाला करा. प्रशिक्षण जव्हार आणि मोखाड्यातच द्या, वीज आणि नेट भरवशाचे ठेवा. शिकल्यावर काम कोण देणार, हेही आधी ठरवा. संशोधनाचा प्रकल्प आटोपला की त्यातली मिळकतही थांबते, घराला मात्र बारमाही कमाई लागते.

एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय जव्हारलाच आहे. त्याने गावोगावची नावनोंदणी याच महिन्यात सुरू करावी आणि विद्यावेतनाचा पहिला हप्ता दिवाळीआधी, भट्टीमालकाची उचल घरात येण्यापूर्वी, मुलांच्या खात्यात जमा करावा.