वरची एक मूठ



कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी कधी बसवनगुडीत आलात, तर पाय ठेवायला जागा मिळणार नाही. दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते, तिला इथे ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात. बुल टेंपल रोडवर शेंगांचे ढीगच ढीग! भाव सगळीकडे जवळपास सारखाच, तरी आमची आजी एकाच बाईकडे जायची. कारण ती माप भरून झालं की वरून एक मूठ टाकायची. कन्नडमध्ये त्या वरच्या मुठीला ‘कोसरु’ म्हणतात.

ही मूठ मला आठवली ती शेजारच्या काकूंमुळे. काकू दिवाळीचा फराळ करून विकतात. भाच्याने त्यांना वेबसाइट करून दिली आणि नाव, म्हणजे डोमेन, एका मोठ्या कंपनीकडून अगदी स्वस्तात घेतलं. दुसऱ्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर वेबसाइट बंद! नावाची मुदत संपली होती. आठवणीच्या मेल आल्या होत्या, पण भाच्याच्या अशा पत्त्यावर, जो त्याने वर्षभर उघडलाच नव्हता. नूतनीकरणाची रक्कमही पहिल्या वर्षाच्या कितीतरी पट. काकू रडकुंडीला आल्या. छापलेल्या डब्यांवर तेच नाव होतं ना!

मदतीला आला गांधी बझारमागच्या गल्लीतला एक तरुण. तोही डोमेन विकतो, पण लहान प्रमाणावर. त्याने भाच्याला फोनवर धरलं, जुना मेल उघडायला लावला, पैसे भरून घेतले आणि नाव वाचवलं. वर समजावलंही, “काकू, डॉट कॉमची मुदत संपली म्हणजे नाव लगेच जात नाही. आधी साधारण ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, पण ती कंपनीवर असते. मग ३० दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येतं.”

मी त्याला विचारलं, “अरे, एवढ्या मोठ्या कंपन्यांपुढे तू टिकतोस कसा?”

त्याने हिशेबच मांडला. डॉट कॉमची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनचा घाऊक दर सगळ्या रजिस्ट्रारना सारखाच असतो. मोठी कंपनी पहिलं वर्ष तोट्यात देऊ शकते आणि पुढच्या वर्षांत वसूल करते. छोट्याला ते परवडत नाही. समजा, एका नावामागे १५० रुपये सुटले आणि २०० गिऱ्हाइकं असली, तर वर्षाचे ३०,००० रुपये. त्यात घर चालत नाही. पण त्याच २०० जणांची मेल आणि वेबसाइट सांभाळायचे वर्षाला ३,००० रुपये मिळाले, तर ६ लाख होतात. म्हणजे नाव हा फक्त दरवाजा. कमाई आतल्या कामाची.

आणि लहान सुरुवात म्हणजे लहान शेवट असं थोडंच आहे? १९९८ मध्ये मुंबईत भाविन आणि दिव्यांक तुरखिया या विशीच्याही आतल्या भावांनी वडिलांकडून २५,००० रुपये उसने घेऊन ‘डायरेक्टी’ सुरू केली. त्यांच्याच ‘रिसेलरक्लब’मधून असंख्य छोटे विक्रेते डोमेन विकू लागले.

मग छोट्याने वरची मूठ कोणती द्यावी? मला तरी या चार दिसतात.

पहिली, खरा भाव. पहिल्या वर्षाच्या रकमेशेजारीच दुसऱ्या वर्षाची रक्कम लिहावी.

दुसरी, नाव गिऱ्हाइकाच्याच नावावर. काही विक्रेते सोयीसाठी स्वतःच्या नावावर नोंदवतात. पुढे भांडण झालं की धंद्याचं नाव अडकतं. गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं म्हणालं, तर हस्तांतराचा कोड हसत द्यावा. असा माणूस परत येतो.

तिसरी, एक फोन. मुदतीआधी महिनाभर, गिऱ्हाइकाच्या भाषेत. “काकू, पुढच्या महिन्यात नाव संपतंय हं!” एवढं मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगितलं तरी पुरे.

चौथी, आपली लिपी. २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन मिळतं आणि त्यात मराठीही आहे. मात्र देवनागरी मेल पत्ता अजून सगळीकडे चालत नाही. म्हणून इंग्रजी नाव जोडीला ठेवा, हे सांगणाराच खरा सल्लागार.

आता तुमच्या मनात येईल, गल्लीतलं दुकान बंद पडलं तर? शंका रास्त आहे. रिसेलर हा कुठल्यातरी मोठ्या रजिस्ट्रारच्या हाताखाली काम करतो. तो रजिस्ट्रार कोणता, हे पहिल्याच दिवशी विचारा आणि लिहून ठेवा. दुकान बंद झालं तरी नाव त्या रजिस्ट्रारकडे असतं. नोंदणी तुमच्या नावावर आणि तुमच्या मेलवर असेल, तर तिथे दाद मागता येते. जो विक्रेता हे सांगायला कचरतो, त्याच्याकडून घेऊ नका, भाव कितीही कमी असो.

काकूंनी पुढच्या वर्षी नाव त्या मुलाकडे हलवलं. पैसे थोडे जास्त जातात, त्या कुरकुरतातही! पण नोंदणीत आता त्यांचं स्वतःचं नाव आणि स्वतःचा मेल आहे, आणि पासवर्ड फराळाच्या वहीत लिहून कपाटात ठेवलाय.

तुमच्या घरी कुणाचा छोटा धंदा असेल, तर आज एवढंच करा. नाव कुणाच्या नावावर आहे, मेल कुणाची आहे आणि मुदत कधी संपते, ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. दिवाळीच्या आधी केलेलं बरं!