दोन टक्क्यांपलीकडचे दायित्व

गळीत हंगाम तोंडावर आला, की साखरेचे भाव, एफआरपीची थकबाकी आणि इथेनॉलचे धोरण या विषयांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरून जातात. परंतु ज्यांच्या कोयत्याखाली ऊस पडल्यावाचून कोणत्याही कारखान्याची मोळी गव्हाणीत पडत नाही, त्या तोडणी मजुरांचा विचार त्या चर्चेत क्वचितच होतो. बीड आणि आसपासच्या जिरायती मुलखातून दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाच-सहा महिने कोप्यांत राहतात. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल टनामागच्या मजुरीतून फेडली जाते, आणि दुखण्याखुपण्याने एखादा दिवस चुकला, तर त्या खाड्याचा दंड हिशेबात चढतो.

या मजुराने तोडलेला ऊस कारखान्यात साखर होतो. ती साखर व्यापाऱ्यामार्फत बिस्किटे, मिठाई, औषधे व शीतपेये करणाऱ्या कंपन्यांकडे जाते. या साखळीतील प्रत्येक जण केवळ आपल्या लगतच्या दुव्याशी करारनामा करतो आणि तेथेच आपली जबाबदारी संपली असे मानतो. कंपनीच्या दप्तरी व्यापाऱ्याचे नाव असते, व्यापाऱ्याच्या दप्तरी कारखान्याचे, कारखान्याच्या दप्तरी वाहतूकदाराचे वा मुकादमाचे. आणि पहाटे अंधारात फडात उतरणाऱ्या स्त्रीचे नाव बहुधा कोणाच्याच दप्तरी नसते. सर्वांचे कागद चोख असूनही अन्याय अबाधित राहतो, याचे कारण या रचनेत आहे.

हा अन्याय किती खोल आहे, हे महाराष्ट्राला २०१९ मध्ये कळले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जे सर्वेक्षण आले, त्यात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे साधारणपणे सहांतील एकीची. फडात शौचालय नाही, पुरेसे पाणी नाही, मासिक पाळीत विश्रांती घ्यावी तर खाडा, आणि साध्या विकारासाठी दवाखान्यात जावे तर कर्करोगाची भीती घालणारा सल्ला. अशा चारही बाजूंनी कोंडी झालेल्या स्त्रीने दिलेल्या संमतीला संमती म्हणणे कठीण आहे. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हाच विषय हाती घेतला, तेव्हा महाराष्ट्राची साखर घेणाऱ्या बहुराष्ट्रीय शीतपेय कंपन्यांकडे जगाने बोट दाखवले. आपल्या गावची गोष्ट आपल्यालाच परदेशातून ऐकावी लागली.

आता कायद्याकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावयाचे असतात. या तरतुदीतून शाळा उभ्या राहिल्या, फिरते दवाखाने सुरू झाले, पाणलोटाची कामे झाली. त्या कार्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु नित्य व्यवसायाचा भाग असलेल्या कामावरील खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही, असे नियम सांगतात, आणि या अटीतील तत्त्व माझ्या मते निर्णायक आहे. नफा झाल्यावर त्यातून काय दिले, हा दानाचा हिशेब झाला. तो नफा कोणाच्या श्रमातून व कोणत्या अटींवर मिळाला, हा ऋणाचा हिशेब आहे, आणि दानाची रक्कम ऋणाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

मजूर कंत्राटदाराचा, आमचा नव्हे, हा युक्तिवाद जुना आहे. परंतु कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्यानेच कंत्राटदाराने वेतन न दिल्यास ते देण्याचा भार मूळ मालकावर टाकला होता. बांगलादेशात सावर येथील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा तेथून कपडे घेणाऱ्या पाश्चात्त्य कंपन्यांनाही हीच ढाल पुरेनाशी झाली आणि कारखान्यांच्या सुरक्षिततेसाठी बंधनकारक करारावर त्यांतील अनेकांना स्वाक्षऱ्या कराव्या लागल्या. जर्मनीने २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठा साखळीतील मानवी हक्कांची दखल घेणे कायद्यानेच भाग पाडले. साखरेचा दाणा एस-३० हवा की एम-३०, हे ज्या खरेदीदाराला करारात लिहून घेता येते, त्याला तो ऊस कोणत्या अटींवर तोडला गेला, हेही लिहून घेता येईल.

सहकारी साखर कारखानदारीविषयी तर याहून परखड बोलले पाहिजे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी जो प्रयोग उभा केला, त्याच्या मुळाशी कष्टकऱ्याला परावलंबनातून सोडवण्याची प्रतिज्ञा होती. ऊस उत्पादकाला तिचे फळ मिळाले. आज त्याचे पैसे १४ दिवसांत देण्याचे बंधन कारखान्यावर आहे. तोडणाऱ्याला मात्र ना सभासदत्व, ना मुदतीचे संरक्षण. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे, पण महामंडळ हे कारखान्याच्या कर्तव्याला पर्याय होऊ शकत नाही.

म्हणून कंपन्यांनी आपण कोणत्या कारखान्यांची साखर घेतो, त्यांची नावे प्रसिद्ध करावीत. कारखान्यांनी प्रत्येक स्त्री-पुरुषाच्या नावे स्वतंत्र नोंद करून उचल आपल्या खातेवहीत घ्यावी, खाड्याचा दंड बंद करावा, आणि मुक्कामी पाणी, शौचालय व दवाखाना पुरवावा. याचा खर्च केवळ कारखान्याच्या माथी न मारता खरेदीदाराने भावात उचलावा. भागधारकांनी वार्षिक सभेत दोन टक्क्यांचा अहवाल ऐकून न थांबता उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा जाब विचारावा. कारण कंपनीचे सामाजिक दायित्व तिच्या देणग्यांच्या यादीवरून नव्हे, तर तिच्या खरेदीच्या करारावरूनच ठरले पाहिजे.

— सार्थवाह