शीवपर्यंतचा आवाज

ज्याला पडसे झाले आहे आणि ज्याच्या दारी जुनी मोटार आहे, अशा दोघांना सल्ला मागायला कुठे जावे लागत नाही. सल्ला आपल्या पायांनी घरी येतो. एरवी या पानावर मीच तुम्हाला काही ना काही सल्ला देत असतो. आज दिवाळीच्या निमित्ताने, वाचकहो, मी सल्ला घेतल्याची हकीकत सांगतो.

आमच्या दारी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने जी गाडी निघू लागली, तिचेच पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' असे बारसे झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप ते हिचेच. टॅक्सी म्हणून तिने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस या शहराचा निरोप घेतला. खासगी मालकीच्या ज्या थोड्या उरल्या, त्यांतली एक आमच्या दादरच्या अंगणात उभी असते. १०८९ सी.सी.चे, चार सिलिंडरांचे साधे इंजिन. बॉनेट उघडले की एकूण एक अवयव दिसतो आणि प्रत्येकापर्यंत हात पोचतो. हात पोचतो, हाच काय तो धोका!

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता गाडीला एक आवाज लागला. टक-टक-टक-टक. सेल्फ मारला की सुरू. ॲक्सिलरेटर दाबला की लय द्रुत, सोडला की विलंबित.

समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांनी गॅलरीत उभ्या उभ्याच निदान केले. "टॅपेट!" काकांचा उमेदीचा काळ कापडगिरणीत गेलेला. यंत्राच्या आवाजाबद्दल त्यांचा शब्द आमच्या इमारतीत अखेरचा मानतात. आता, इंजिनाच्या झडपा उघडणारी जी यंत्रणा असते तिच्यात केसाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. ती वाढली की टकटक होते. झडप इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडते, म्हणून टॅपेटचा आवाज इंजिनाच्या निम्म्या लयीत येतो. आमचा आवाज नेमका त्याच लयीत होता. कोपऱ्यावरच्या मेस्त्रींनी आठही झडपांची फट पत्ती घालून मोजली आणि बसवून दिली. आवाजाने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही.

मग मी स्वतः बाह्या सरसावल्या. गाडी चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची आणि आवाज बदलतो का ते ऐकायचे, अशी एक जुनी परीक्षा आहे. पेट्रोल जळले की दट्ट्या खाली ढकलला जातो. त्याच्या दांड्याचे खालचे बेअरिंग, म्हणजे 'बिग एंड', ढिले असेल तर ठोका पडतो. वायर काढली की जाळ नाही, जाळ नाही तर ठोकाही नाही. पहिल्या वायरीने मला असा झटका दिला की क्षणभर इंजिन सोडून माझाच आवाज सबंध अंगणाने ऐकला. पुढच्या तिन्ही वायरी मी रबरी मुठीच्या पकडीने काढल्या. चौथी निघाली मात्र, टकटक जवळजवळ थांबली.

"साहेब, बिग एंड," मेस्त्री म्हणाले. "इंजिन उतरवून बांधावं लागेल." आणि त्यांनी एक आकडा सांगितला. तो ऐकून गाडीचे राहिले बाजूला, माझेच इंजिन उतरले.

रात्री घरात सभा भरली. चिरंजीवांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला; तो बिनतोड होता. एवढ्या पैशात गाडी बांधण्यापेक्षा ती भंगारवाल्याला द्यावी, तीही दसऱ्याच्या आत, असे ठरले. आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी मला गाडीच्या मागल्या सीटवरची उशी घरात, तिच्या पलंगावर दिसली. वीस वर्षे ती उशी गाडीतून हलली नव्हती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आईला मुलुंडला मावशीकडे नेतो. भाड्याच्या गाडीत ती बसते, नाही असे नाही. पण अंग चोरून बसते. आमच्या गाडीत मागे डाव्या बाजूला ती ऐसपैस बसते आणि गाडी फाटकाबाहेर पडली की रामरक्षा म्हणायला लागते. वडील चालवायचे तेव्हापासूनचा हा रिवाज.

शेवटची खेप म्हणून त्या रविवारी आम्ही निघालो. कधी काय मोडेल या धास्तीने मी गाडी फुलासारखी चालवत होतो. शीव आले, आणि मागून आई म्हणाली, "बघ, थांबला."

"काय थांबलं?"

"तो आवाज. दर खेपेला इथंच थांबतो. माझी रामरक्षा संपते आणि हाही संपतो."

मी हसलो. म्हटले, "आई, रामरक्षेनं बेअरिंग दुरुस्त होत नाही गं."

"मी कुठं म्हटलं होतं म्हणून? थांबतो, एवढंच म्हटलं." आणि जरा थांबून, "तू विचारलंस कधी?"

मी विचारले नव्हते. शीवच्या पुढे रस्त्यावर एवढे ट्रक असतात की आपली टकटक त्यांच्या गडगडाटात बुडत असेल, असे मी धरून चाललो होतो. मुलुंडला मावशीच्या शांत गल्लीत गाडी चालूच ठेवून मी बॉनेट उघडले. इंजिन शिवणाच्या यंत्रासारखे चालले होते. टकटकीचा मागमूस नव्हता.

तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. मेस्त्रींचे गॅरेज आमच्या दारापासून दोनशे पावलांवर. गाडी त्यांच्याकडे जायची ती नेहमी गार. काकांनी ऐकली ती गार. मी वायरी काढल्या त्याही अंगणात, गाडी गार असताना. गरम गाडीचा आवाज आमच्यापैकी एकानेही ऐकला नव्हता. तो ऐकणारी एकटी मागल्या सीटवर बसत होती.

बिग एंडचा ठोका इंजिन तापले की वाढतो, कारण तापलेले ऑइल पातळ होते आणि ढिल्या बेअरिंगला ते सावरून धरू शकत नाही. आमचे सगळे उलटे! मग गार असताना फटीत असते आणि तापल्यावर मिटते, असे इंजिनात काय आहे? चारही सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारी बिडाची नळी, जिला मॅनिफोल्ड म्हणतात, तिचा सांधा. लोखंड तापले की फुगते, आणि बारीक फट आपोआप बंद होते. त्या फटीतून धुराचा झोत निसटतो तो एका सिलिंडरामागे दोन फेऱ्यांत एकदाच. म्हणून लय टॅपेटची. प्लगची वायर काढली की जाळ नाही, म्हणून झोतही नाही. म्हणून परीक्षेचा निकाल बिग एंडसारखा. काकांचा कान खरा होता, माझी परीक्षाही खरी होती. दोन्ही साक्षीदार खरे बोलत होते. आरोपी तेवढा भलताच पकडला होता.

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथस्कोपचा जन्म झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर निवल्यावर, मी बंबाची हातभर रबरी नळी घेतली. एक टोक कानाशी, दुसरे पंख्यापासून लांब ठेवून सांध्यावरून हळूहळू फिरवले. चौथ्या सिलिंडरापाशी कानात फुंकर बसल्यासारखी टकटक वाजली. तिथेच काजळीचा एक काळा ओघळही होता, इतके दिवस आम्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर.

मेस्त्रींनी वाकून पाहिले. एक नट गळून पडला होता आणि पॅकिंग उडाले होते. माणूस सरळ. म्हणाले, "साहेब, तुमची गाडी माझ्याकडं कधी गरम आलीच नाही." दुपारच्या जेवणाआधी नवे पॅकिंग आणि नवा नट बसला. एवढे मात्र त्यांनी बजावले, आणि तेच मी तुम्हालाही बजावतो, की हा आवाज निरुपद्रवी समजून तसाच सोडू नये. निसटणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि जुन्या गाडीच्या भोकांतून तो आत शिरला तर प्राणाशी गाठ.

डॉक्टर नाडी हातात घेण्याआधी विचारतो, 'दुखतं केव्हा? जेवणाआधी की नंतर?' आम्ही तिघे शहाणे 'कुठे' आणि 'काय' यांतच अडकलो होतो. 'केव्हा' हे जिला ठाऊक होते, तिला विचारायचे कोणाला सुचले नाही. आणि न विचारता सांगायची तिला सवय नाही.

भंगारवाल्याला मी नको म्हणून कळवले. उशी कोणी खाली नेली ते मला ठाऊक नाही. पुढच्या रविवारी ती जागेवर होती. गाडी फाटकाबाहेर पडली, मागे रामरक्षा सुरू झाली. इंजिनाचा ब्र नाही. बऱ्याच वेळाने आईने खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाली, "अगंबाई, आज शीव कधी मागे पडलं ते कळलंच नाही."